गीझरची ‘कॉइल गेली’ म्हणजे नेमके काय?

डिसेंबरात पुणे-नाशिकचा पारा उतरू लागला की इलेक्ट्रिशियनचे फोन वाजू लागतात. वर्षभर निमूटपणे चालणारा गीझर नेमका त्याच आठवड्यात रुसतो. सकाळचे साडेसहा, दारात शाळेची बस यायची वेळ, आजोबांची अंघोळ व्हायची आहे आणि नळाला गार पाणी. अशा घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातून जो मिळेल त्याला बोलावले जाते. तो पाच मिनिटे खटपट करतो आणि निदान सांगतो, ‘‘काकू, कॉइल गेली. बदलावी लागेल.’’ काकूंनी कॉइल कधी पाहिलेली नसते. ती खरोखर गेली आहे की नुसता सॉकेट जळला आहे, हे विचारायचे कसे तेही ठाऊक नसते. पैसे दिले जातात, पाणी तापते, विषय संपतो. कधी कधी मात्र तो संपत नाही. महिन्याभरात नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येऊ लागतात.

न्हाणीघरातला हा डबा घरातल्या सर्वात धोकादायक यंत्रांपैकी एक आहे. वीज, पाणी, उष्णता आणि दाब या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात, आणि त्याच्या खाली माणूस ओल्या अंगाने, अनवाणी उभा असतो. आजीच्या काळचा तांब्याचा बंब धुराने डोळ्यांत पाणी आणायचा खरा, पण त्याचे दुखणे बाहेरून दिसायचे. बंब गळू लागला की विस्तव चरचरायचा, कल्हईवाल्याला किंवा तांबटाला दाखवायचा, झाले. गीझरचे सगळे दुखणे पत्र्याच्या आत असते. म्हणून लक्षणावरून रोग ओळखायला शिकणे भाग आहे.

साध्या टाकीच्या गीझरमध्ये भाग तसे मोजकेच असतात. पाणी साठवणारी टाकी, तिच्याभोवती उष्णता रोखणारा फोमचा थर आणि सर्वात बाहेर आपल्याला दिसणारे आवरण. टाकीत बुडालेली तापक नळी म्हणजे ‘कॉइल’ किंवा ‘एलिमेंट’. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट. तो बिघडला तर वीज तोडणारा दुसरा पहारेकरी, थर्मल कटआउट. दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. आणि टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी, जिचे नावही बहुतेक घरांत कुणी ऐकलेले नसते.

आधी हे पाहावे

पहिली गोष्ट, पाणी कोमट येते म्हणजे गीझर बिघडला असे नाही. १५ लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला सुमारे १६ मिनिटे लागतात. हा एप्रिल-मेचा हिशोब. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे १६ अंशांवर असेल तर तेच काम २३ मिनिटांचे होते. त्यात पहाटे सगळी सोसायटी एकदम गीझर लावते. व्होल्टेज २३० वरून २०० पर्यंत घसरला तर गीझरची शक्ती चौथ्या हिश्शाने कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मग २३ मिनिटांची ३० मिनिटे होतात. गीझर ठणठणीत असतो, बदललेले असते पाणी आणि वीज.

‘पूर्वी दोन अंघोळी व्हायच्या, आता एकच होते’ या तक्रारीचेही अर्धे उत्तर इथेच आहे. ६० अंशांचे १५ लिटर पाणी उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या पाण्यात मिसळून अंघोळीपुरते ४० अंशांवर आणले तर ४५ लिटर पाणी मिळते. थंडीतल्या १६ अंशांच्या पाण्यात मिसळले तर जेमतेम २७ लिटर. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी गीझर दहा मिनिटे आधी लावून पाहावा, त्याला खर्च काही नाही.

पाणी अजिबातच तापत नसेल तर मुख्य फळ्यावरचा एमसीबी पडला आहे का ते आधी पाहावे. पडला असेल तर एकदा उचलून पाहायला हरकत नाही. पुन्हा पडला तर मात्र तिसऱ्यांदा उचलू नये. तो काहीतरी सांगतो आहे. एमसीबी वर आहे, पण गीझरवरचा दिवा लागत नाही, तर संशय गीझरवर नाही, सॉकेटवर घ्यावा. २ किलोवॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि तितकी जाड वायर हवी. मिक्सरच्या लहान सॉकेटवर अडॅप्टर लावून गीझर चालवणारी घरे आजही आहेत. प्लगची पिन सैल असली की त्या जागी विरोध वाढतो, विरोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने पत्ती आणखी सैल पडते. प्लग काळवंडलेला, पिवळा पडलेला किंवा हाताला गरम लागत असेल, जळका वास येत असेल तर रोग सापडला. इथे कॉइल बदलून काहीही साधणार नाही.

दिवा लागतो, पण पाणी गारच. आता थर्मोस्टॅट, कटआउट किंवा कॉइल यांपैकी एक. झाकण उघडून हे शोधणे घरच्या माणसाचे काम नव्हे. पण ते कसे शोधतात हे माहीत असावे, म्हणजे समोर काय चालले आहे ते कळते. बहुतेक गीझरमध्ये कटआउटला एक छोटे बटण असते. एखाद्या वेळी पाणी फार तापले की ते बाहेर येते आणि दाबून आत बसवावे लागते. पाच सेकंदांचे काम. मात्र ते का उडाले याचा शोध घ्यायला हवा, कारण थर्मोस्टॅट चिकटून बसला असेल तर ते पुन्हा उडणारच. कॉइलची परीक्षाही सोपी असते. वीज तोडून मल्टिमीटर लावला की २ किलोवॉटच्या कॉइलचा विरोध साधारण २६ ओहम दिसतो, ३ किलोवॉटच्या कॉइलचा सुमारे साडेसतरा. आकडा इतका आला तर कॉइल जिवंत आहे. काटा हललाच नाही किंवा मीटरने अनंत दाखवले, तर आतली तार तुटली, म्हणजे ‘कॉइल गेली’. हे मोजून दाखवायला अर्धे मिनिट लागते. न मोजताच कॉइल गेल्याचे सांगणाऱ्याला ‘‘दादा, जरा मीटर लावून दाखवता का?’’ एवढे विचारले तरी पुरते.

पांढरा थर

कॉइल जाते कशाने? पुण्याच्या नव्या उपनगरांत, छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातल्या कित्येक गावांत या प्रश्नाचे उत्तर बादलीवर लिहिलेले असते. प्लॅस्टिकच्या बादलीच्या आत जो पांढरट थर बसतो, नळाच्या तोंडाशी जी खरखरीत पापडी जमते, तेच गीझरच्या पोटात चाललेले असते, फक्त अधिक वेगाने. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, बोलताना जड पाणी. पाणी तापले की बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. हे सर्वात जास्त कुठे होणार? जिथे पाणी सर्वात तप्त असते तिथे, म्हणजे कॉइलच्या अंगावर.

हा थर तांब्याच्या तुलनेत उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहून नेतो. कॉइलभोवती दगडाची दुलई गुंडाळल्यासारखे होते. आतली तार उष्णता निर्माण करत राहते, ती पाण्यात जात नाही, तारेचे तापमान चढत जाते आणि एक दिवस ती तुटते किंवा बाहेरची नळी तडकते. त्याआधी गीझर इशारा देत असतो. पाणी तापायला महिन्या-महिन्याला जास्त वेळ लागतो आणि तापताना आतून कुरकुर, फटफट, उकळल्यासारखा आवाज येतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटत असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. बोअरचे पाणी पिण्याच्या मापात ‘चालते’ असे ठरले तरी गीझरला ते चालत नाही.

उपाय म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी गीझर उघडून कॉइल आणि टाकी साफ करून घेणे. पाणी फार जड असेल तर दरवर्षी. थर्मोस्टॅट फिरवता येत असेल तर तो शेवटपर्यंत न नेता ५०-५५ अंशांच्या आसपास ठेवला की क्षार कमी बसतात. साफसफाईसाठी काही जण कॅनमधले ॲसिड सरळ टाकीत ओततात. टाकीच्या आतला काचेसारखा मुलामा आणि तांबे दोन्ही त्याने खाल्ले जाते, शिवाय बंद न्हाणीघरात त्याची वाफ छातीत भरते. कॉइल बाहेर काढून खरवडणारा मेकॅनिक चांगला. ती परत बसवताना रबरी गॅस्केट नवे घालायचे असते. वीस-पंचवीस रुपये वाचवायला जुनेच दाबून बसवले की आठवड्याभरात थेंब थेंब गळती सुरू होते, आणि ती नेमकी वायरींच्या जोडाजवळ.

याच वेळी त्या मॅग्नेशियमच्या कांडीची विचारपूस करावी. तिच्या मागचे तत्त्व दोनशे वर्षांचे आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजत होता. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. गीझरमध्ये मॅग्नेशियम हेच करते. टाकीच्या पोलादाऐवजी ते स्वतः विरघळत राहते. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. काही शे रुपयांची ही कांडी वेळेवर बदलली तर काही हजारांची टाकी वाचते. तरीही बहुतेक घरांत ती कधीच बदलली जात नाही, कारण ती संपल्याने पाणी तापायचे थांबत नाही. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत ती तपासण्याची अट अनेकदा असते, टाकी फुटल्यावर ती वाचली जाते. गरम पाण्याला तांबूस रंग येऊ लागला तर आत गंज आहे असे समजावे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू आणि मॅग्नेशियम यांची जुगलबंदी चालू असते. त्यावर गीझर पूर्ण तापवून टाकी रिकामी करून धुणे हा पहिला इलाज.

मुंग्या येतात, थांबा

आतापर्यंतच्या तक्रारी गैरसोयीच्या होत्या. नळाला, शॉवरला किंवा बादलीतल्या पाण्याला हात लावल्यावर मुंग्या येणे, बारीक चटका बसणे ही तक्रार त्या यादीतली नव्हे. ‘जरासा करंट येतो’ असे म्हणत चप्पल घालून अंघोळ करणारे लोक आहेत. तसे करू नये. मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या गीझरला हात लावू नये.

कॉइलची रचना पाहिली की कारण कळते. तांब्याच्या नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. क्षारांनी नळी तडकली की पाणी पुडीत शिरते आणि वीज पाण्यात उतरते. तार शाबूत असल्याने पाणी मात्र छान तापत असते. म्हणूनच कॉइल तपासताना दुसरे मापही घ्यावे लागते, कॉइल आणि गीझरच्या धातूच्या अंगामधले. तिथे मीटरला काहीही सापडता कामा नये.

वीज पाण्यात उतरली तरी माणूस वाचावा यासाठी अर्थिंग असते. गळणारी वीज शरीरातून न जाता जाड तारेने जमिनीत जावी, ही योजना. पण जुन्या वाड्यांत, चाळींत, साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते, किंवा ती जवळच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. लोखंडी पाइप जमिनीत जात होता तोवर ते कसेबसे चालले. नूतनीकरणात तो पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला की अर्थिंग गेले, आणि ते गेल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही. सॉकेटला तीन भोके आहेत एवढ्यावरून अर्थिंग आहे असे समजू नये. ते मोजून घ्यावे.

दुसरी गैरसमजूत एमसीबीविषयी. तो माणसासाठी नसून वायरसाठी असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर प्रवाह गेला तरच पडतो. माणसाचे हृदय विस्कळीत व्हायला त्याच्या काही सहस्रांशांइतका प्रवाह पुरतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण लागते, जुन्या बोलीत ईएलसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते सतत ताडून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे वीज कुठेतरी दुसरीकडून चालली आहे असे कळले, की सेकंदाच्या अंशात वीज तोडते. त्याच्यावर ‘टी’ असे लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबले की घराची वीज जायला हवी. गेली नाही तर उपकरण निकामी आहे. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकून थेट जोडणी करून देणारे महाभाग भेटतात. तापाला वैतागून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार.

आणि स्विच बंद केला म्हणजे गीझर निर्धोक झाला, हेही नेहमी खरे नसते. भिंतीवरचा साधा स्विच एकच तार तोडतो. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील तर स्विच बंद असतानाही कॉइलपर्यंत वीज पोचलेली असते. गीझरसाठी दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच असावा तो यासाठी. तो असला तरी पाणी तापल्यावर बंद करून मगच अंघोळीला जाण्याची सवय चांगली.

कुणाला शॉक लागलाच तर आधी मुख्य स्विच बंद करावा. वीज चालू असताना त्या माणसाला स्पर्श करू नये. तो बेशुद्ध असेल, श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे. वरवर बरा वाटला तरी डॉक्टरांकडे न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड बाहेरून दिसत नाही.

गळतीबद्दल थोडक्यात. पाणी तापताना फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेले की जवळजवळ पेलाभर जागा जास्त मागते. त्यामुळे गीझर चालू असताना खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर तो दोष नाही, व्हॉल्व्ह आपले काम करतो आहे. त्याच्या तोंडात लांबी भरून किंवा बूच मारून ते थेंब बंद करणे हा मात्र गुन्हा म्हणावा इतका मूर्खपणा आहे. थर्मोस्टॅट चिकटला आणि दाबाला वाट नसली की पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहते. टाकीचा जोड सुटला की त्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा घेते. गीझरचा स्फोट होतो तो असा. गळती आवरणाच्या आतून, गंजाच्या पाण्यासह होत असेल तर टाकीच गेली. तिला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

गॅस गीझर

गीझर हे नाव आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आले. ते पहिल्यांदा लावले लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने, १८६८ मध्ये, आपल्या गॅसवर चालणाऱ्या यंत्राला. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारे नळकांडेच नव्हते. दीडशे वर्षांनंतर भारतातल्या लहान न्हाणीघरांत तीच चूक नव्याने केली जाते.

हिशोब मांडून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा असते. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद, दार बंद. आत श्वास घेणारा माणूस आणि श्वास घेणारी ज्योत. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या विषारी वायूला तोही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते. कडी उघडायला हात उठत नाही. अशा रुग्णांना कधी झटके येतात आणि फिट आली असे समजून उपचार सुरू होतात. गॅस गीझर चालू असताना न्हाणीघरात चक्कर आली किंवा फिट आली, ही माहिती डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायला हवी.

कोविडनंतर घरोघर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. इथे तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूवाल्यासारखेच दिसते आणि आकडा ९८ येऊ शकतो. माणूस त्या वेळी गुदमरत असतो. त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ बोलवावी. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. म्हणून ‘जरा पडून राहिला की बरा होईल’ हा सल्ला चुकीचा.

गॅस गीझरची नेहमीची दुरुस्ती किरकोळ असते. तो पेटत नसेल तर आधी ठिणगीसाठी लागणारे सेल बदलून पाहावेत. वरच्या मजल्यावर पाण्याला दाब नसला तरी तो पेटत नाही. शॉवरची भोके क्षारांनी बुजली तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो आणि ज्योत विझते. ज्योत निळी असावी. पिवळी, लवलवती ज्योत किंवा गीझरच्या तोंडाशी काजळी दिसली की बर्नर साफ होईपर्यंत तो वापरू नये. पण खरी दुरुस्ती एकच, गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या गॅलरीत नेणे आणि गरम पाणी पाइपने आत आणणे. एक्झॉस्ट फॅन लावला की भागते असे अनेकांना वाटते. दाराखालून हवा आत यायला फटच नसेल तर फॅन बाहेर टाकणार काय? असा फॅन धूर बाहेर जाण्याऐवजी खोलीत ओढूनही घेऊ शकतो.

माणूस कसा शोधावा

आता पुन्हा त्या साडेसहाच्या सकाळी. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचेच सेवा केंद्र गाठावे, आणि त्याचा नंबर गीझरवरच्या स्टिकरवरून किंवा पुस्तिकेतून घ्यावा. इंटरनेटवर शोधून पहिला दिसणारा ‘कस्टमर केअर’ नंबर लावण्यात अनेकांचे बँक खाते रिकामे झाले आहे. पलीकडचा माणूस गोड बोलतो, नोंदणीसाठी १० रुपये भरायला लिंक पाठवतो किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप घ्यायला सांगतो. गीझर दुरुस्त करायला कुणालाही मोबाइलचा पडदा पाहावा लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर वेळ न दवडता कळवावे, तासाभराची दिरंगाईही महागात पडते.

वॉरंटी संपली असेल तर परिसरातला जुना, दुकान किंवा पत्ता असलेला इलेक्ट्रिशियन चांगला. आयटीआयचे प्रमाणपत्र, वायरमनचा सरकारी परवाना आहे का हे विचारण्यात संकोच नको. सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा, त्याने केलेली दुरुस्ती वर्षभर टिकली का? स्वस्त किती, हा प्रश्न नंतरचा.

चांगला कारागीर कामाच्या पद्धतीवरून ओळखू येतो. तो आधी विचारतो, मग उघडतो. दिवा लागतो का, आवाज येतो का, पाणी बोअरचे की नगरपालिकेचे. मुख्य स्विच बंद करतो आणि तरीही टेस्टर लावून खात्री करतो. पिशवीत मल्टिमीटर असतो. काढलेला भाग न मागता समोर ठेवतो. नवीन कॉइल किंवा थर्मोस्टॅट डब्यासकट आणतो, सुटा नाही. काम झाल्यावर अर्थिंग मोजतो आणि पाणी भरल्याशिवाय, नळातून धार आल्याशिवाय स्विच लावत नाही. कारण कोरड्या टाकीत कॉइल चालू केली तर नवी कोरी कॉइलही मिनिटांत जळते. उलट ‘‘अहो, अर्थिंगचं काय घेऊन बसलात, चालतंय की!’’ असे म्हणणाऱ्याच्या हाती गीझर देऊ नये, मग तो निम्म्या पैशात करून देवो.

किती होतील हे कामाआधी ठरवावे. भेटीचे, मजुरीचे आणि भागाचे पैसे वेगवेगळे लिहून घ्यावेत. बिलावर बदललेल्या भागाचे नाव आणि तारीख असावी. त्याच भागाची तक्रार दोन महिन्यांनी पुन्हा आली तर हाच कागद उपयोगी पडतो. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

टाकीच गळत असेल, तर दुरुस्तीचा विषय संपतो. नवा गीझर घेताना आयएसआय खुणेखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पाहता येतो, खूण खरी की छापलेली ते तिथे कळते. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी गीझर किती दाब सोसतो तेही पाहावे. गच्चीवरची टाकी ४० मीटर वर असेल तर पाण्याचा दाब ४ बारपर्यंत जातो, प्रेशर पंप असेल तर आणखी जास्त. आणि जुना गीझर भंगारवाल्याला देताना तो भिंतीवरून उतरवण्याआधी खालच्या बाजूने रिकामा करून घ्यावा. आत १५ लिटर पाणी, तेवढेच किलो वजन आणि क्षारांचा पांढरा चिखल असतो. शिडीवरच्या माणसाला याची कल्पना आधी दिलेली बरी.